मॉडर्न पोर्टफोलिओ थिअरीने स्वतःचा पोर्टफोलिओ कसा बांधायचा: आधी काय, नंतर काय आणि लोक कुठे चुकतात

इंटरनेटवरून एक्सेलची तयार शीट उतरवायची, त्यात पाच-सहा फंडांचे गेल्या तीन वर्षांचे परतावे टाकायचे, सॉल्व्हरचं (दिलेल्या अटींत सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या एक्सेलमधल्या साधनाचं) बटण दाबायचं आणि जे टक्के येतील त्याप्रमाणे एसआयपी सुरू करायची. या पद्धतीने बांधलेले पोर्टफोलिओ मी नाशिकमध्ये बरेच पाहिले आहेत. त्यातले बहुतेक एकाच ठिकाणी वाकडे गेलेले असतात: सॉल्व्हर ही सातवी पायरी आहे आणि लोक तिथूनच सुरुवात करतात. आधीच्या सहा पायऱ्या नीट केल्या, तर सॉल्व्हरचं उत्तर काय येणार याचा अंदाज आधीच येतो. त्या वगळल्या, तर तो जे सांगेल ते अचूक दिसेल आणि चुकीचं असेल.

थिअरीचा गाभा एका वाक्यात मावतो. पोर्टफोलिओची जोखीम म्हणजे त्यातल्या गुंतवणुकींच्या जोखमींची बेरीज नव्हे. त्या एकमेकींबरोबर किती वरखाली होतात यावर ती ठरते. खालची सगळी मेहनत हे ‘एकमेकींबरोबर’ नीट मोजण्यासाठी आहे.

लागणारं साहित्य: एक्सेल, दोन निवांत रविवार आणि घरातल्या सगळ्या गुंतवणुकीचे कागद. एकच रविवार मिळणार असेल, तर तो पहिल्या दोन टप्प्यांना द्या.

## टप्पा १: कोणता पैसा यात धरायचा नाही, ते आधी ठरवा

तीन प्रकारचे पैसे हिशेबाबाहेर ठेवायचे.

पहिला, अडीअडचणीचा. नोकरदारांनी किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढावा. द्राक्ष बागायतदाराचं गणित वेगळं असतं. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत पैसा फक्त जात असतो आणि अवकाळी किंवा गारपीट झाली, तर पुढच्या हंगामाचं भांडवलही घरातूनच उभं करावं लागतं. म्हणून पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडच्या वाचकांनी एका पूर्ण हंगामाचा खर्च वेगळा ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरा, पुढच्या तीन वर्षांत नक्की लागणारा पैसा. मुलीची इंजिनिअरिंगची फी, घराचं डाउन पेमेंट वगैरे. तो मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (अगदी थोड्या मुदतीच्या रोख्यांच्या फंडात) राहू द्या.

तिसरा, राहतं घर आणि अंगावरचं सोनं. सराफ बाजारातून घेतलेला हार घरच्यांच्या दृष्टीने गुंतवणूक असला, तरी तो विकून कोणी रीबॅलन्सिंग (बदललेली टक्केवारी पुन्हा ठरल्याप्रमाणे करणं) करत नाही. शिवाय विकताना घडणावळ परत मिळत नाही.

सावध: पतसंस्थेतली ठेव ‘सुरक्षित’ या खात्यात टाकण्यापूर्वी एक फरक लक्षात घ्या. ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण व्यापारी बँकांना आणि सहकारी बँकांना आहे. पतसंस्थांना ते नाही. व्याज दीड-दोन टक्के जास्त दिसतं, ते या जोखमीचं आहे. अशी ठेव मोठी असेल, तर टक्केवारी काढायच्या आधी ती कमी करा.

## टप्पा २: उरलेलं सगळं एका पानावर आणा

पीएफ, पीपीएफ, मुदत ठेवी, फंड, शेअर्स, गोल्ड ईटीएफ (शेअर बाजारात विकत घेता येणारा सोन्याचा फंड). नवरा-बायकोचं मिळून एकच पान. बहुतेक जण फक्त म्युच्युअल फंडांचा पोर्टफोलिओ ‘ऑप्टिमाइझ’ करतात आणि पीएफ विसरतात. ओझरला एचएएलमध्ये किंवा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाच्या नावावर पीएफचीच मोठी रक्कम असते. ती धरली, तर तो आधीच पन्नास-साठ टक्के डेटमध्ये, म्हणजे व्याज देणाऱ्या गुंतवणुकीत, आहे. वर सॉल्व्हरच्या सांगण्यावरून त्याने आणखी डेट फंड घ्यायचं कारण उरत नाही.

याच पानावर आणखी एक ओळ लिहा: माझा पगार किंवा धंदा कशावर चालतो? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तुम्ही असाल, तर वाहन उद्योग मंदावला की तुमचा ओव्हरटाइम, बोनस आणि कधी कधी नोकरीही एकदम धोक्यात येते. मग वाहन क्षेत्राचे शेअर्स किंवा स्वतःच्याच कंपनीचे शेअर्स जमवणं म्हणजे एकाच जोखमीवर दोनदा पैसे लावणं. एक्सेलच्या शीटमध्ये तुमचा पगार कुठेच नसतो, म्हणून सॉल्व्हरला हे कळत नाही. ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा मर्यादा तुम्हीच घालायची.

प्लॉटबद्दल इथेच सांगतो, कारण यावर सर्वात जास्त वाद होतो. आडगाव, मखमलाबाद, गंगापूर रोड, कुठलाही प्लॉट असो, तो या गणितात घालू नका. त्याची दर महिन्याची किंमत कुठे छापून येत नाही. दलालाने सांगितलेले आकडे वर्षातून एकदा लिहिले, तर चढउतार शून्याजवळ दिसतो आणि परतावा भरघोस. सॉल्व्हर मग शंभर टक्के पैसे प्लॉटमध्ये घालायला सांगतो. किंमत मोजली गेली नाही, म्हणून जोखीम नव्हती असं होत नाही. प्लॉट ठेवायचा असेल तर ठेवा, पण वेगळ्या पानावर.

## टप्पा ३: गुंतवणुकीचे वर्ग निवडा, फंड नंतर

सुरुवातीला तीन वर्ग पुरतात: शेअर्स, डेट आणि सोनं. फार तर शेअर्सचे दोन भाग करा, मोठ्या कंपन्या आणि मिडकॅप, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्या. त्यापुढे वर्ग वाढवले, की मोजायच्या आकड्यांची संख्या झपाट्याने वाढते. तीन वर्गांना तीनच कोरिलेशन (दोन गुंतवणुकी किती एकत्र हलतात ते सांगणारा उणे १ ते १ मधला आकडा) लागतात. दहा वर्गांना पंचेचाळीस. पंचेचाळीस कोरिलेशन विश्वासाने मोजण्याइतका डेटा तुमच्या-माझ्याकडे नसतो.

सर्वात जुनी चूक इथेच होते. पाच लार्जकॅप (मोठ्या कंपन्यांचे) आणि फ्लेक्सीकॅप (कोणत्याही आकाराच्या कंपन्यांचे) फंड घेऊन ‘डायव्हर्सिफिकेशन झालं’, म्हणजे जोखीम विभागली गेली, असं मानायचं. थॉमसन, सोनाका, माणिक चमन या द्राक्षाच्या तीन जाती एकाच गटात लावल्या म्हणून गारपीट एकीला सोडून दुसरीवर पडत नाही, तसंच हे. पाचही फंडांच्या पहिल्या दहा कंपन्या उघडून बघा, त्याच दोन-तीन बँका आणि त्याच आयटी कंपन्या दिसतील.

तपासा: दोन फंडांचं मासिक कोरिलेशन ०.९ च्या वर असेल, तर गणितासाठी तो एकच फंड आहे. एक काढून टाका.

## टप्पा ४: डेटा गोळा करा आणि सगळ्याला एका मापात आणा

शेअर्ससाठी निफ्टी ५० चा टोटल रिटर्न इंडेक्स घ्या. टीव्हीवर दिसणारा निफ्टी लाभांश धरत नाही, त्यामुळे परतावा दरवर्षी थोडा कमी दिसतो. हा इंडेक्स एनएसईच्या निर्देशांकांच्या संकेतस्थळावर मिळतो. डेटसाठी शॉर्ट ड्युरेशन (कमी मुदतीच्या रोख्यांच्या) प्रकारातला एखादा जुना फंड आणि सोन्यासाठी गोल्ड ईटीएफ घ्या. दोन्हींची एनएव्ही (एका युनिटची किंमत) ॲम्फी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर मिळते. फंडाचा ग्रोथ पर्यायच घ्यायचा. लाभांश वाटणाऱ्या पर्यायाची एनएव्ही लाभांशाच्या दिवशी खाली येते आणि शीटमध्ये तो तोटा म्हणून नोंदला जातो.

सोन्याचा भाव रुपयांतला हवा. परदेशी डेटा उतरवून डॉलरमधला भाव घेणारे बरेच आहेत. आपल्याकडे सोन्याच्या हालचालीत रुपया-डॉलरचाही वाटा असतो, आणि शेअर बाजार घसरताना अनेकदा रुपयाही घसरतो. सोन्याचा आधार मिळतो त्यात या घसरणीचाही हात असतो. डॉलरचा भाव घेतला, की नेमका तोच भाग निघून जातो.

महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाचे आकडे घ्या, किमान पाच आणि शक्यतो दहा वर्षांचे. दहा वर्षांचे १२० परतावे मिळवायला १२१ आकडे लागतात. या महिन्याचा आकडा भागिले मागच्या महिन्याचा, वजा एक. झाला मासिक परतावा.

तपासा:
- तिन्ही रकान्यांत ओळींची संख्या सारखी आहे का? एका रकान्यात एक महिना गाळला गेला, तर पुढची सगळी जुळणी एक ओळ सरकते आणि कोरिलेशन निरर्थक होतं. शीट मात्र काही तक्रार करत नाही.
- मार्च २०२० ची ओळ शोधा. शेअर्सच्या रकान्यात तिथे मोठा उणे आकडा दिसलाच पाहिजे. नसेल, तर तारखा चुकल्या आहेत.
- एका वर्गाचे रोजचे आणि दुसऱ्याचे मासिक परतावे एकत्र झालेले नाहीत ना?

## टप्पा ५: चढउतार आणि कोव्हेरिअन्स मोजा

प्रत्येक रकान्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजेच चढउताराचं माप, काढा. एक्सेलमधलं एसटीडीईव्ही.एस (STDEV.S) हे फंक्शन वापरा आणि वार्षिक करण्यासाठी बाराच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.४६ ने गुणा. कोव्हेरिअन्ससाठी (दोन वर्ग किती एकत्र वरखाली होतात त्याचं माप) कोव्हेरिअन्स.एस (COVARIANCE.S); त्याला मात्र थेट बाराने गुणायचं. हे दोन गुणक एकमेकांच्या जागी वापरले जाणं ही रोजची चूक आहे.

पुढच्या सगळ्या उदाहरणांसाठी मी खालचे आकडे धरतो. हिशेब दाखवण्यासाठी घेतलेली ही गृहीतकं आहेत, भाकीत नाही. तुमचे आकडे तुमच्या डेटातून येतील.

- शेअर्स: अपेक्षित परतावा १२ टक्के, चढउतार १८ टक्के
- डेट: ७ टक्के आणि ३ टक्के
- सोनं: ८ टक्के आणि १५ टक्के
- कोरिलेशन: शेअर्स-डेट ०.१, शेअर्स-सोनं उणे ०.१, डेट-सोनं ०.१

आता ६० टक्के शेअर्स, ३० टक्के डेट, १० टक्के सोनं असं मिश्रण घ्या. चढउतारांची नुसती सरासरी १३.२ टक्के येते. कोव्हेरिअन्स धरून खरा चढउतार काढला, तर १०.९ टक्के येतो. मधला फरक ही एकत्र न हलण्याची कमाई, आणि थिअरीतून आपल्याला मिळतं ते एवढंच.

याच मिश्रणात जोखमीतला प्रत्येकाचा वाटा काढून बघा. प्रत्येक वर्गाची टक्केवारी घ्या, तिला त्या वर्गाच्या संपूर्ण पोर्टफोलिओबरोबरच्या कोव्हेरिअन्सने गुणा आणि एकूण व्हेरिअन्सने (पोर्टफोलिओच्या चढउताराच्या वर्गाने) भागा. शेअर्सचा वाटा सुमारे ९८ टक्के येतो. डेटचा दीडच्या आसपास आणि सोन्याचा एकाहून कमी. साठ टक्के पैसा शेअर्समध्ये आहे म्हणून जोखीमही साठ टक्केच शेअर्सची, असा समज असेल, तर हा आकडा शीटवर ठळक करून ठेवा. कोणता डेट फंड घ्यायचा यावर महिनाभर खल करण्यापेक्षा शेअर्स साठ की पन्नास, यावर एक संध्याकाळ घालवलेली बरी.

तपासा: वजनांच्या रकान्यात शेअर्स १०० टक्के आणि बाकी शून्य टाका. पोर्टफोलिओचा चढउतार बरोबर १८ टक्के आला पाहिजे. मग डेट १०० टक्के, मग सोनं. तिन्ही जुळत नाहीत तोवर पुढे जाऊ नका. जुळत नसेल तर बहुधा कुठेतरी १२ आणि कुठेतरी ०.१२ लिहिलेलं सापडेल.

सावध: क्रेडिट रिस्क प्रकारच्या (कमी पतमानांकनाच्या कंपन्यांचे रोखे घेणाऱ्या) डेट फंडाचा चढउतार वर्षानुवर्षं नगण्य दिसतो आणि एका दिवसात सगळं उघडं पडतं. एप्रिल २०२० मध्ये एका फंड कंपनीने एकाच वेळी सहा डेट योजना गुंडाळल्या. त्यांची आधीच्या वर्षांची मासिक आकडेवारी पाहून हा धोका सहज दिसला नसता. डेटचा वर्ग चांगल्या पतमानांकनाच्या कागदांपुरताच ठेवा.

## टप्पा ६: अपेक्षित परतावा – इथे इतिहास चालत नाही

सर्वात जास्त पोर्टफोलिओ इथे बिघडतात, म्हणून थोडा जास्त वेळ घेतो.

मागच्या डेटावरून चढउतार आणि कोरिलेशन बऱ्यापैकी कळतात. सरासरी परतावा तितका कळत नाही, आणि का कळत नाही ते मोजता येतं. वार्षिक चढउतार १८ टक्के असेल, तर दहा वर्षांच्या सरासरीतली प्रमाण त्रुटी १८ भागिले दहाचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ५.७ टक्के. शीटवर १२ टक्के दिसत असलं, तरी खरा आकडा सव्वासहा ते पावणेअठरा यांत कुठेही असण्याची शक्यता ढोबळमानाने दोन-तृतीयांश. उरलेल्या एक-तृतीयांश वेळी तो त्याही बाहेर. पंचवीस वर्षांचा डेटा घेतला, तरी त्रुटी साडेतीनच्या वर राहते. मासिकाऐवजी रोजचे आकडे घेऊनही यात फरक पडत नाही, कारण सरासरी ठरते ती पहिल्या आणि शेवटच्या आकड्यावरून.

आता याचा सॉल्व्हरवर काय परिणाम होतो ते बघा. दोन शेअर फंड, दोन्हींचा चढउतार १८ टक्के, आपसांत कोरिलेशन ०.९७. एकाचा परतावा १२, दुसऱ्याचा १२.५ लिहिला आणि बिनजोखमीचा दर ६ धरला. जोखमीच्या तुलनेत सर्वोत्तम मिश्रण मागितलं, तर सॉल्व्हर पहिल्या फंडाला शून्य देतो, सगळा पैसा दुसऱ्याला. आकडे अदलाबदल करा, सगळा पैसा पहिल्याकडे. पावणेसहा टक्के त्रुटी असलेल्या आकड्यातल्या अर्ध्या टक्क्याने हे घडतं. गेल्या तीन वर्षांत पळालेला फंडच सॉल्व्हरला का आवडतो, त्याचं कारण हेच.

मग आकडा आणायचा कुठून? आजच्या परिस्थितीवरून बांधायचा.

डेटसाठी फंडाच्या फॅक्टशीटवर (मासिक माहितीपत्रकावर) यील्ड टू मॅच्युरिटी (रोखे मुदतीपर्यंत ठेवले तर मिळणारा वार्षिक परतावा) छापलेली असते. त्यातून खर्चाचं प्रमाण वजा करा. शेअर्ससाठी दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा आजचा दर घ्या आणि जोखमीपोटी चार ते पाच टक्के वर धरा. सोन्याला स्वतःचं उत्पन्न नाही, म्हणून दीर्घ मुदतीत महागाई अधिक एखादा टक्का. त्याहून जास्त धरायला मी तयार नाही, मग मागची दोन-तीन वर्षं कितीही झळाळती असोत. बिनजोखमीच्या दरासाठी रिझर्व्ह बँकेच्या ट्रेझरी बिलांच्या (सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांच्या) साप्ताहिक लिलावातला दर पुरतो.

मग कर. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाचा नफा तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर सेस धरून ७ टक्क्यांचे सुमारे ४.८ उरतात. शेअर फंडाला २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विक्री केली तर २० टक्के. वर्षानंतर केली तर आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखावरच्या नफ्याला साडेबारा टक्के. म्हणजे करानंतर डेट आणि शेअर्समधलं अंतर आणखी वाढतं. वरच्या टप्प्यातल्या माणसाने करपूर्व आकडे वापरले, तर त्याच्या शीटमध्ये डेट आहे त्याहून चांगलं दिसतं. पीपीएफचं व्याज करमुक्त असल्याने त्याच्या डेटच्या वाट्यात पीपीएफ आधी भरायचं, हेही यातूनच निघतं. पुढची उदाहरणं समजायला सोपी जावीत म्हणून करपूर्व आकड्यांवरच ठेवली आहेत. तुमच्या शीटमध्ये करानंतरचे भरा.

तपासा: शेअर्सचा परतावा एक टक्का कमी करून बघा आणि उत्तर किती हलतं ते लिहून ठेवा. टक्केवारी पंधरा-वीस अंकांनी उडी मारत असेल, तर पुढच्या टप्प्यातल्या मर्यादा घट्ट करायच्या.

## टप्पा ७: मर्यादा घाला, मगच सॉल्व्हर

शीटमध्ये तीन वजनांचे रकाने, तीन बाय तीनची कोव्हेरिअन्सची चौकट आणि एक व्हेरिअन्सचा रकाना हवा. व्हेरिअन्ससाठी एमएमयूएलटी (MMULT) हे फंक्शन दोनदा वापरावं लागतं: चौकट गुणिले वजनं, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा आडवी केलेली वजनं. जुन्या एक्सेलमध्ये हे सूत्र कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबून भरायचं, नाहीतर चूक दाखवतो. सॉल्व्हर एक्सेलच्या ॲड-इन्समध्ये असतो, एकदा सुरू करून घ्यावा लागतो.

आता लोक सॉल्व्हरला ‘शार्प रेशो जास्तीत जास्त कर’ असं सांगतात. शार्प रेशो म्हणजे बिनजोखमीच्या दराहून जास्तीचा परतावा भागिले चढउतार. आपल्या आकड्यांवर, बिनजोखमीचा दर ६ टक्के धरून, उत्तर येतं: शेअर्स सुमारे साडेचौदा टक्के, डेट ७८, सोनं साडेसात. अपेक्षित परतावा ७.८ टक्के. पस्तिशीतला माणूस हे बघून चक्रावतो. सॉल्व्हर चुकलेला नाही. थिअरी पुढे असं म्हणते, की हे मिश्रण घ्या आणि जास्त परतावा हवा असेल तर बिनजोखमीच्या दरानेच कर्ज काढून त्यात जास्त पैसा घाला. तुम्हाला-मला सहा टक्क्यांनी कोणी कर्ज देत नाही. म्हणून घरगुती पोर्टफोलिओसाठी शार्प रेशो हे उद्दिष्ट ठेवूच नका.

त्याऐवजी असं करा:

- उद्दिष्ट: व्हेरिअन्स कमीत कमी.
- अट एक: वजनांची बेरीज बरोबर १.
- अट दोन: अपेक्षित परतावा ठरवलेल्या आकड्याएवढा किंवा जास्त.
- अट तीन: प्रत्येक वर्गाला किमान आणि कमाल मर्यादा.
- पद्धत: जीआरजी नॉनलिनिअर.

परताव्याचं लक्ष्य ९, ९.५, १० असं बदलत सॉल्व्हर पुन्हा पुन्हा चालवा. आपल्या आकड्यांवर, वरच्या मर्यादा न घालता, असं येतं:

- ९ टक्के: शेअर्स ३७, डेट ४७, सोनं १६; चढउतार ७.२
- ९.५ टक्के: ४६, ३४, २०; चढउतार ८.७
- १० टक्के: ५५, २१, २४, चढउतार १०.३

हे बिंदू आलेखावर जोडले, की एफिशिएंट फ्रंटियर, म्हणजे प्रत्येक परताव्यासाठी कमीत कमी चढउतार दाखवणारी रेषा, तयार. सोन्याचा चोवीस टक्के वाटा बघून बिचकायला होतं, आणि ते योग्यच आहे. तो सगळा एका उणे ०.१ या कोरिलेशनवर उभा आहे आणि ते कोरिलेशन काळाप्रमाणे बदलतं. सोन्याला १५ टक्क्यांची कमाल मर्यादा घाला. शेअर्सना तुमच्या नोकरीप्रमाणे: सरकारी पगार असेल तर थोडी जास्त, उत्पन्न हंगामावर असेल तर कमी.

मर्यादा घातल्याने नुकसान किती? आपलं साधं ६०-३०-१० आठवा: परतावा १०.१, चढउतार १०.९. सॉल्व्हरने तेवढ्याच परताव्यासाठी शोधलेल्या सर्वोत्तम मिश्रणाचा चढउतार १०.६ च्या आसपास येतो. पाव टक्का. फ्रंटियरच्या जवळचा भाग इतका सपाट असतो. म्हणून उत्तर ४६.३७ टक्के आलं, तर ४५ किंवा ५० असा गोल आकडा घ्या.

## टप्पा ८: उत्तर रुपयांत वाचा

टक्क्यांत कोणालाच भीती वाटत नाही. समजा वीस लाख आहेत आणि ५०-३५-१५ ठरलं: दहा लाख शेअर्स, सात लाख डेट, तीन लाख सोनं. शीट म्हणते परतावा साधारण ९.६५, चढउतार सव्वानऊ. दोन चढउतार खाली गेलं तर जवळपास ९ टक्के उणे, म्हणजे पावणेदोन लाखांचा खड्डा.

पण एवढ्यावर थांबू नका. स्टँडर्ड डेव्हिएशन मोठ्या पडझडींना कमी लेखतं. २००८ या कॅलेंडर वर्षात निफ्टी सुमारे ५२ टक्के खाली आला होता. २०२० मध्ये जानेवारीच्या उंचीपासून २३ मार्चपर्यंत सुमारे ३८ टक्के. पहिला आकडा लावा: शेअर्समधल्या दहा लाखांतले पाच लाख वीस हजार गेले. ६०-३०-१० असतं, तर सव्वासहा लाख. आणि अशा दिवसांत कोरिलेशनवर विसंबू नका. मार्च २०२० मध्ये काही दिवस सोनंही शेअर्सबरोबर खाली आलं होतं.

हा आकडा घरात मोठ्याने वाचून दाखवा. जोडीदाराने ‘एवढे गेले तर आपण काढून घेऊ’ असं म्हटलं, तर शेअर्सची टक्केवारी आत्ताच कमी करा आणि सातव्या टप्प्यावर परत जा. तळाला विकणाऱ्याला कोणताही फ्रंटियर वाचवत नाही.

## टप्पा ९: खरेदी

इथे फार काही नाही. ज्या निर्देशांकावर गणित केलं, त्याचाच इंडेक्स फंड घ्या, डायरेक्ट प्लॅन (दलालीविना), ग्रोथ. ट्रॅकिंग डिफरन्स (फंड आणि निर्देशांक यांच्या परताव्यातला फरक) कमी असलेला. गणित निफ्टीवर करायचं आणि खरेदी स्मॉलकॅप फंडाची, असं केलंत तर वरचा एकही आकडा लागू होत नाही. पीएफ आणि पीपीएफमध्ये आधीच असलेली रक्कम डेटच्या वाट्यातून वजा करा. मोठी रक्कम एकदम शेअर्समध्ये घालायची हिंमत होत नसेल, तर सहा ते बारा महिन्यांत विभागा, पण तारखा आधी लिहून ठेवा. सल्लागार घेणार असाल, तर त्याची सेबीकडची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा.

## टप्पा १०: रीबॅलन्सिंग, पण नव्या पैशाने आधी

वर्षातून एकदा बघा, आणि ठरलेल्या टक्केवारीपासून पाच अंकांहून जास्त फरक पडला असेल तरच हात लावा. नोकरदारांना एप्रिल सोयीचा, नवं आर्थिक वर्ष सुरू होतं आणि सव्वा लाखाची करसवलत नव्याने मिळते. द्राक्षवाल्यांनी मालाचे पैसे हातात आल्यावर, मेच्या सुमारास करावं.

आधीचंच उदाहरण पुढे नेऊ. वर्षभरात शेअर्स दहाचे तेरा लाख झाले, डेट सात लाख वीस हजार, सोनं तीन लाख तीस हजार. एकूण साडेतेवीस लाख, शेअर्स ५५.३ टक्के. मर्यादा ओलांडली. दोन मार्ग आहेत. एक, सव्वा लाखाचे शेअर फंड विकून शेअर्स पावणेबारा लाखांवर आणायचे. कर फक्त त्या विक्रीतल्या नफ्याच्या भागावर लागतो, पण वर्ष पूर्ण न झालेली युनिट्स निघाली तर २० टक्के कर आणि अनेक फंडांत एक टक्का एक्झिट लोडही (लवकर विकल्याचं शुल्क). युनिट्स पहिली घेतलेली पहिली विकली जातात, एवढं बघून घ्या.

दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे. तुमच्याकडे अडीच लाख नवे येणार असतील, तर काहीच विकू नका. एक लाख नव्वद हजार डेटमध्ये, साठ हजार सोन्यात. एकूण सव्वीस लाख होतात: तेरा, नऊ लाख दहा हजार, तीन लाख नव्वद हजार. बरोबर ५०-३५-१५, आणि कर शून्य.

सावध: रीबॅलन्सिंगच्या दिवशी सॉल्व्हर पुन्हा चालवू नका. शेअर्स वर्षभर चढलेले असतील, तर नवा डेटा शेअर्स वाढवायलाच सांगेल, म्हणजे नेमकं उलटं. टक्केवारी पुन्हा काढायची ती तुमची परिस्थिती बदलल्यावर: नोकरी बदलली, कर्ज फिटलं, निवृत्ती पाच वर्षांवर आली, बाग मोडून टाकली. त्या दिवशी पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू करा, आणि नव्या शीटवर तारीख व धरलेलं प्रत्येक गृहीतक लिहून जुनी शीट शेजारी ठेवा, म्हणजे टक्केवारी नेमकी कशामुळे बदलली ते ताडून पाहता येईल.